पिल्लावरची मरळ

माझ्या सासूला नदीकडं सरळ बघता यायचं नाही. धुणं धुवायला आम्ही दोघी प्रवरेवर जायचो. सगळ्या बाया दगडाकडं बघून धुणं आपटायच्या आणि आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, तिरक्या नजरेनं पाण्याकडं बघत आपटायच्या. माझ्या नव्या लुगड्याचा काठ त्यांनी याच पायी फाडला. मी फणकारले, "आत्या, लक्ष कुठंय तुमचं?" तर म्हणाल्या, "त्या उंबराखाली बुडबुडं आलं बघ. वाम मासा असल." आणि लगेच गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून, "हरी हरी, जळलं माझं त्वांड!"

मनकर्णाबाई त्यांचं नाव. मी त्यांची सून, विजयमाला. मी सातवी झालेली, पुढं बालवाडीत पोरं सांभाळली, त्यामुळं माझं बोलणं जरा सुधारलंय असं लोक म्हणतात. राग आला की मात्र मूळ पदावर येतं, ते आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या काठाला. माझे सासरे कारभारी, मी त्यांना मामा म्हणायची. कट्टर माळकरी माणूस. घरात मासमच्छीचं नावसुद्धा काढायचं नाही, आणि चातुर्मास लागला की कांदा-लसूणही बाहेर. आत्यांचं माहेर मात्र खाली टोक्याकडचं, प्रवरा जिथं गोदावरीला मिळते तिथलं. त्यांचे वडील पुंजाराम. शेतकरीच, पण दिवसभर औत आणि संध्याकाळ झाली की गळ. पोटी ही एकच लेक, म्हणून आमिषाचा डबा धरायला हीच बरोबर. लग्न ठरताना मामांच्या आईनं अट घातली, पोरीनं माळ घालायची आणि ते गळाचे धंदे सोडायचे. आत्यांनी माळ घातली, गळ सोडला. गळ्यात माळ घालता येते हो, नजरेला कुठून घालणार?

पहाटे जात्यावर बसलो आणि मामा नदीवर अंघोळीला गेले की त्यांचं तोंड सुटायचं. गांडूळ घ्यायचं तर उकिरड्याच्या कडेचं, तांबडं. ते पाण्यात लवकर मरत नाही. वामीला गांडूळ लावायचं. खवल्याच्या माशाला कणीक, तीत चिमूटभर हिंग. शिंगाडा माशाला कोंबडीचं आतडं, जितकं घाण तितका तो खूश. मी नाक मुरडायची. "आत्या, दळताय ते खायचंय मला!" मग त्या हसायच्या. हसताना त्यांचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. मामांच्या धाकात राहून राहून हसणंसुद्धा मुकं झालं होतं बाईचं.

मग बहात्तर साल आलं. पेरणीपुरता पाऊस पडला आणि जो गेला तो गेलाच. आषाढ लागताच मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझं माहेर पाथर्डीकडचं, तिथं प्यायला पाणी नव्हतं. आईनं निरोप धाडला, तिकडंच करा. माझे मालक सूर्यभान तोवर सुप्याकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले होते. गाय होती, ती चाऱ्यावाचून मरण्यापेक्षा विकलेली बरी म्हणून मामांनी घोडेगावच्या बाजारात नेली. एक शेळी होती, ती आटली. आणि सव्वा महिना होतो न होतो तोच माझंही दूध आटायला लागलं.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. लिली, म्हणजे माझी मुलगी, अंगावर घेतली की दोन घोट घ्यायची, मान फिरवायची आणि रडायची. मला वाटलं पोट दुखतंय. मग ती रडायची कमी झाली. मी अडाणी, मला वाटलं बरं वाटतंय लेकराला. आत्यांनी एक दिवस तिच्या टाळूवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या. टाळू खोल गेली होती, बोटाचं पेर बसंल एवढी. "विजे," त्या म्हणाल्या, "हिचं पोट रिकामं हाय. ही दमून गप बसती."

काय नाही केलं? बाजरीचा घाटा खाल्ला, मेथी खाल्ली, शेपू कुठून तरी मिळाला तो खाल्ला. तालुक्याला डॉक्टरकडं नेलं, त्यांनी डब्याचं दूध द्यायला सांगितलं. ते दिलं तर जुलाब लागले, होतं तेवढंही गेलं. शेजारची बनुबाई तिच्या पोराबरोबर माझ्या लिलीलाही पाजायची. देवासारखी बाई. पण तिचा नवरा तिला घेऊन खडीवर गेला आणि तीही वाट बंद झाली. मी रात्रंदिवस पोरीच्या नाकाखाली बोट धरून बसायची. वारा लागला की जिवात जीव यायचा, आणि बोट काढलं की परत वाटायचं, आत्ता होता, आता असंल का?

भागूबाई सुईण आली. तिनं पोरीला उलटीसुलटी केली, मला चाचपलं आणि म्हणाली, "मरळ माशाचा ताजा रस्सा पाजा हिला. आमच्यात बाळंतिनीला तेच देत्यात. दोन दिसांत पान्हा फुटतो."

मामा ओट्यावर होते. तिथूनच ओरडले, "माळकऱ्याच्या घरात? श्रावनात? भागूबाई, परत असलं बोलायचं न्हाई."

भागूबाईबरोबर राहीबाई आली होती, मामांची चुलत बहीण. ती मला समजवायला लागली, "जाऊ दे गं पोरी. पोरगीच तर हाय. झाड ऱ्हायलं तर फळं लई लागत्याल."

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, राहीबाईनं त्यानंतर माझ्या घरचा उंबरा ओलांडला नाही आणि मीही तिला बोलावलं नाही. फळं लागतील म्हणे! मेली स्वतः सात लेकरांची आई.

मामा तसे दगड नव्हते, ते खोटं मी बोलणार नाही. संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे, ओठ हलत असायचे, आणि माझ्यासारखंच तिच्या नाकाशी बोट न्यायचे. पण धर्म म्हणजे धर्म. देवाच्या मनात असंल तर जगंल, हे त्यांचं एकच पालुपद. मला वाटायचं, देवाला एवढं काय पडलंय, तुम्हीच जरा मनात आणा की!

दुसऱ्या दिवशी मामा भजनाला गेले आणि आत्यांनी फळीवरचं दाभण काढलं, पोती शिवायचं. चुलीत लालबुंद केलं, विळ्याच्या पाठीवर धरून वाकवलं, पाण्यात बुडवलं. मी बघत राहिले. कितीतरी वर्षं हात न लावलेली बाई, पण वाक कसा अचूक आला. "ह्याला उलटा दात न्हाई," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "दोर ढिला पडला की मासा सुटनार. ढिला पडू द्यायचा न्हाई."

"आत्या, मामांना कळलं तर?"

"कळू दे की. बोंबलत बसतील." असं म्हणाल्या खऱ्या, पण दाभण पदराखाली दडवलं.

आता इथं आत्यांनी जी चूक केली ती ऐका. अशी चूक एखादी माळकरीणच करणार. मरळीला जिवंत आमिष लागतं हे त्यांना माझ्यापेक्षा शंभरदा जास्त माहीत. पण जीव मारायचा तो एकच मारू, आमिषाला आणखी दुसरा कशाला, असं त्यांच्या मनानं घेतलं. गळ्यात माळ होतीच, ती काढायची हिंमत नव्हती. आणि देवाच्या घाटावर माशांना कणीक घालतातच की, मग कणकेच्या गळाला पाप थोडं कमी, असा त्यांचा हिशोब. पोरीचा जीव जातोय आणि ही बाई पाप तोलत बसलेली! तेव्हा मला ते कळलं नाही, नाहीतर मी गप्प बसले नसते.

गव्हाची कणीक कुठून आणायची? रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही. आत्यांनी जवस वाटून त्यात घातला, हिंग घातला, मळून मळून बोराएवढ्या गोळ्या केल्या. गोधड्या धुवायचं निमित्त करून आम्ही भर दुपारी निघालो, कारण त्या वेळेला नदीवर चिटपाखरू नसतं. मी लिलीला पोटाशी बांधून घेतलं होतं. घरी कोणाजवळ ठेवणार? आणि खरं सांगायचं तर मला तिला हातावेगळं करायची भीती वाटायची.

नदी म्हणजे नुसती वाळू. गावाच्या वरच्या अंगाला एक डोह तेवढा राहिला होता, खळ्याएवढा, हिरवट पाण्याचा. छगन भोई आणि त्याची माणसं धरणाकडं पोट भरायला गेली होती, आणि जाताना जाळं टाकून तो डोह झाडून नेला होता. त्यातून जे काय चुकलंमाकलं राहिलं असेल तेवढंच.

आत्यांनी आधी चार गोळ्या पाण्यात सोडल्या, मासा जागेवर यावा म्हणून. मग ज्वारीच्या ताटाचा गर दोराला बांधला, तो वर तरंगतो आणि मासा लागला की बुडतो. गळाला गोळी लावली आणि काठी धरून बसल्या. मी बाभळीच्या सावलीला. माझी एक नजर त्या तरंगत्या गरावर आणि एक पोरीच्या छातीवर. गर हलला की माझं काळीज हलायचं. तो वाऱ्यानं हललेला असायचा. उन्हं उतरली, आम्ही न धुतलेल्या गोधड्या डोक्यावर घेऊन परत.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. एक बोटाएवढी मासोळी लागली, ती आत्यांनी हळूच सोडवून पाण्यात टाकली. तिसऱ्या दिवशी तर गोळी जशी टाकली तशी वर आली, विरघळलेली. आणि त्या दिवशी घरी येताना वाटेत लिलीनं डोळे उघडले नाहीत. मी गालावर टिचकी मारली, पायाला चिमटा काढला. तिनं तोंड वाकडं केलं, रडण्याचा आवाज आलाच नाही. मी भर रस्त्यात मटकन खाली बसले.

"आत्या, तुम्हाला येत तरी होतं का हो कधी? का नुसत्या जात्यावरच्या गप्पा?"

सासूला असं बोलायचा तो काळ नव्हता. आत्यांच्या तोंडावर एखाद्यानं मारावं तसं झालं. म्हणाल्या, "येतंय, विजे. म्या मुद्दाम चुकीचं लावत हुते." आणि मग रस्त्यातच सगळं सांगितलं, कणीक का लावली, पाप कसं तोललं. "म्या माझी माळ जपत बसले गं," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मला राग यावा की रडू, तेच कळेना. दोन्ही आलं.

रात्र कशी काढली ते विचारू नका. सकाळी मामा पोथीला बसले आणि आम्ही निघालो. आज गोधड्याही घेतल्या नाहीत. डोहाच्या कडेला ओल्या चिखलात आत्यांनी गुडघ्यावर बसून हात घातला आणि बेडूक काढला, अंगठ्याएवढा, पिवळसर. मग उजव्या हातानं गळ्यातली माळ काढली. ती खाली कुठं ठेवावी कळेना, तेव्हा माझ्या मांडीवरच्या लिलीच्या छातीवर ठेवली. "तिच्यापाशी ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाल्या. रिकामा गळा बघून मलाच कसंतरी झालं.

बेडूक त्यांनी पाठीच्या कातडीतून गळाला ओवला, वरच्यावर, जिवंत राहावा असा. आज तो तरंगता गर काढून टाकला. "त्याला पान्यावर नाचवायचं. टप, टप. बुडू द्यायचं न्हाई." आणि खरंच, तो बेडूक पाण्यावर असा नाचायला लागला की गळाला लावलाय हे मीही विसरले. आत्या आत्या राहिल्या नव्हत्या. पाठ वाकलेली, पाय फाकलेले, डोळे पाण्यावर. टोक्याची पुंजारामाची पोर उभी होती तिथं.

लव्हाळ्याच्या कडेला पाण्यावर काहीतरी तांबडं आलं. कुंकू सांडल्यासारखं. आलं, हललं, खाली गेलं. परत आलं. मी म्हटलं, "आत्या, ते काय?"

आत्यांची काठी जागीच थांबली.

"पिल्लं हायती," त्या म्हणाल्या. "मरळीची. आजच वर यायला लागल्यात, वारं घ्यायला."

तांदळाच्या दाण्याएवढी, शेकडो. एका थव्यात वर यायची, एकदम तोंडं उघडायची, एकदम खाली जायची. आणि त्यांच्या खाली काळं काहीतरी फिरत होतं, माझ्या हाताएवढं लांब. संथपणे, थव्याच्या भोवती.

"मग टाका की!"

"पिल्लावर हाय ती, विजे." आत्यांचा आवाज फाटला. "माझा बाप म्हनायचा, पिल्लावरची मरळ आयती हातात आली तरी सोडायची. ती भुकंनं गळ धरत न्हाई. लेकरांजवळ काय आलं की त्येला हाकलायला त्वांड मारती. ती गेली की पिल्लं एक ऱ्हात न्हाईत. बगळं खात्यात, खंड्या खातो."

"दुसरी असंल की!"

"दुसरी न्हाई. इतक्या दिसांत एकच वर येऊन वारं घेताना दिसली."

मी लिलीकडं बघितलं. छातीवरची माळ हलत होती का नाही ते मला दिसेना. मी वाकून कान लावला. श्वास होता, पण केवढा? पिठाच्या चाळणीवर फुंकर मारावी एवढा. मी ओरडले, "आत्या, टाका! पाप लागलं तर मला लागू दे, टाका!"

आत्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "तुला कशाला? तू न्हाई टाकनार, म्या टाकनार हाय," म्हणाल्या आणि काठी फिरवली.

बेडूक त्या तांबड्या थव्याच्या अगदी मधोमध पडला. टप. दुसऱ्यांदा टप व्हायच्या आत पाणी फुटलं. काठी कमानीसारखी वाकली. आत्यांनी ती उचलली नाही, काठी पोटाला टेकवून पाठमोऱ्या फिरल्या आणि काठावर चढत निघाल्या, दोर ताठ ठेवून, औताला जुंपल्यासारख्या. "ढिलं व्हता कामा न्हाई, ढिलं व्हता कामा न्हाई," हेच तोंडात. मरळ पाण्याबाहेर आली, वाळूवर उसळली, आणि तेवढ्यात गळ निसटला. काय सांगू! एक उडी आणि ती परत पाण्यात गेली असती. मी लिलीला पदरासकट सावलीत टाकलं आणि त्या मरळीवर आडवी पडले. छातीखाली ती धडपडत होती. एवढी ताकद! माझ्या बरगडीला शेपटीचा फटका बसला. आत्यांनी दगड आणला आणि डोक्यात घातला. मग सगळं शांत झालं.

मी उठले तर आत्या डोहाकडं बघत होत्या. थवा विखुरला होता. मग एकएक करून पिल्लं परत गोळा झाली, तिथंच, त्याच जागेवर, आणि वर आली वारं घ्यायला. खाली काळं काही फिरत नव्हतं. आत्या म्हणाल्या, "चल. बघत बसू नको."

चूल घरात लावायचा प्रश्नच नव्हता. गाय गेल्यापासून गोठा रिकामा होता, तिथं तीन दगड मांडले, कोरं मडकं घेतलं. हळद, मीठ, दोन मिरच्या. श्रावणात लसूण नाही घातली, ती एक गंमतच म्हणायची. मासा चालला, लसूण नाही चालली! मी पहिला घोट घेतला आणि ओकारी आली. मीही माळकऱ्याच्या घरची सून झाले होते ना. आत्यांनी माझी हनुवटी धरली. "गिळ. तिनं तिची लेकरं सोडलीत तुझ्या लेकरासाठी. एक थेंब सांडायचा न्हाई." मी गिळलं. रडत रडत, नाक पुसत सगळं गिळलं. उरलेले तुकडे मीठ-हळद लावून झाकून ठेवले, ते दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळेला. दर तासाला पोरीला अंगाशी धरायची. काही नाही, काही नाही. ती ओठ लावून तशीच पडून राहायची.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मला अंगात कळ आली. आधी वाटलं मरळीचा मार बसला तिथलं दुखतंय. मग चोळी ओली झाली. मी लिलीच्या ओठावर दोन थेंब पिळले. तिनं जीभ हलवली. आणखी दोन. मग तिनं तोंड उघडलं आणि धरलं. अशी धरली माझी माय, अशी धरली! गुटुक, गुटुक, आवाज यायला लागला. सगळं त्या रश्श्यानं झालं का भागूबाईच्या बोलण्यानं का आणखी कशानं, देव जाणे. मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

आत्या उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या. मासा मारलेल्या हातानं देवघर असलेल्या खोलीत कसं यायचं, म्हणून त्या दोन दिवस बाहेरच होत्या, झोपल्याही गोठ्यात. मामांना पाठ भरलीय म्हणून सांगितलं होतं. बाहेरून विचारत होत्या, "विजे, पिती का गं?" आणि त्याच वेळेला मामा भजनाहून आले.

गोठ्याकडनं वास येत होता. कितीही धुवा, माशाचा वास जात नाही. मामा अंगणात थांबले. मामांचा राग मी बघितला होता. एकदा कुणी ताटात अंडं ठेवलं म्हणून भावकीच्या लग्नातून उठून आलेला माणूस. आज आत्यांना घराबाहेर काढतील, हे मी धरूनच चालले होते.

"मनकर्ने, गोठ्यात काय शिजलं?"

आत्या उठल्या. "मासा."

"कोनी मारला?"

"म्या मारला."

"माळ कुठं हाय?"

"पोरीच्या पाळन्याला बांधली."

माझ्या पोरीचा घोट घेण्याचा आवाज तेवढा येत होता, मधेच ठसका, परत गुटुक. मामा ऐकत उभे होते. डोक्याचं मुंडासं काढून त्यांनी हातात धरलं. मग म्हणाले, "उद्या परत जा. अजून एक आन."

मला वाटलं आत्या हसतील, सुटल्याच्या आनंदानं तरी. त्या खाली बसल्या आणि हुंदके द्यायला लागल्या. मामांच्या धाकात मुकी झालेली बाई, पण त्या दिवशी गल्लीला ऐकू जाईल अशी रडली. "कुठली आनू? एकच हुती वो. पिल्लावर हुती. शेकड्यानं लेकरं हुती तिची, म्या तिला लेकरांतनं काढून आनली."

मामा आत गेले, तुळईला गोफण अडकवलेली होती ती काढली. त्या साली शेतात राखायला कणीसच नव्हतं, गोफणीला धूळ बसली होती. धोतराच्या सोग्यानं पुसली आणि आत्यांच्या पुढ्यात ठेवली. "उजाडलं की बगळं यायला लागत्यात," म्हणाले. "मारू नको. नुसतं उठव."

दुसऱ्या दिवसापासून आत्या डोहावर. उजाडायच्या आत जायच्या आणि अंधार पडल्यावर यायच्या. वाळूतले खडे नाही, चिखलाच्या गोळ्या करून मारायच्या, पाखराला लागू नये म्हणून. भाकरी मामा स्वतः फडक्यात बांधून नेऊन द्यायचे आणि घटकाभर स्वतः गोफण धरून बसायचे. गावात हसायचे लोक. कारभारी माळकरी कशाची राखण करतोय म्हणून विचारायचे, तर मामा म्हणायचे, "हाय आमचं थोडं पीक." लिली तिकडं दिवसागणिक भरत होती. टाळू वर आली, मुठी वळायला लागली, भूक लागली की आढ्याला आवाज जायचा. मी रोज संध्याकाळी आत्यांना विचारायची, किती आहेत? त्या म्हणायच्या, कालच्यापेक्षा कमी. नंतर नंतर मी विचारायचं सोडलं. बगळे हाकलता येतात. खालून डोह आटत होता, ऊन तापत होतं, त्याला गोफण काय करणार?

एक दिवस आत्या भर दुपारीच घरी आल्या. गोफण तुळईला अडकवली, हातपाय धुतले, आणि उंबरा ओलांडून आत आल्या. लिली भुकेनं बोंबलत होती, मी भाकरी टाकत होते, म्हटलं होईल पाच मिनिटं उशीर. मी विचारलं, "आज लवकर आलात?"

"सपली," म्हणाल्या. "एक ऱ्हायलं न्हाई."

आत्यांनी तव्यावरची भाकरी स्वतः काढून घेतली, लिलीला पाळण्यातून उचललं आणि माझ्या मांडीवर आणून टाकलं. "पाज तिला," म्हणाल्या. "एक घडी थांबवायची न्हाई हिला. पाज." आणि ती पोटभर पिऊन झोपेपर्यंत माझ्यासमोर बसून राहिल्या.